ज्याचे सोयरसुतक नाही, त्याच्यासाठी रडणे

नवी मुंबईच्या कोपरखैरणेतील आमच्या सोसायटीच्या फाटकावर दुपारपाळीला असणारा सुरक्षारक्षक आसामच्या नलबाडी जिल्ह्यातला आहे. १९ सप्टेंबर २०२५ हा शुक्रवार होता. त्या संध्याकाळी मी घरी परतलो, तेव्हा तो केबिनमधल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मोबाइल दोन्ही हातांत धरून बसला होता. समोर पाहुण्यांची नोंदवही उघडी होती आणि दुपारी तीननंतर तिच्यात एकही नोंद नव्हती. घरी कोणी गेले का, असे मी विचारले. "जुबीनदा नहीं रहे, सर," एवढेच तो म्हणाला. कोण जुबीन, हे लक्षात यायला मला थोडा वेळ लागला. मग २००६ सालचे 'या अली' हे गाणे आठवले आणि माझ्या तोंडून सहज प्रश्न गेला, "आपके कौन लगते थे?" तो म्हणाला, "कोई नहीं," आणि नोंदवही पुढे ओढून लिहू लागला.

तो ज्या एजन्सीमार्फत कामाला आहे, तिच्याकडे त्याने दुसऱ्याच दिवशी रजा मागितली. अर्ज छापील होता आणि त्यात 'मृताशी नाते' असा एक रकाना होता. तो त्याने कोरा ठेवला. रजा मिळाली नाही.

माझा प्रश्न आणि तो रकाना ही एकच गोष्ट आहे, हे मला नंतर जाणवले. ज्याला आपण कधी भेटलो नाही, ज्याने आपल्याला कधी पाहिले नाही, अशा गायकाच्या मृत्यूने माणूस आतून का हलतो, आणि हे दुःख इतरांना पोकळ का वाटते, हे समजून घेण्यासाठी आणि इतरांनाही समजावे म्हणून हा लेख आहे.

जुबीन गर्ग कोण होते?

महाराष्ट्रात बहुतेकांना त्यांचे एकच हिंदी गाणे ठाऊक होते. आसामसाठी ते गेली तीन दशके घरोघरी वाजणारा आवाज होते. १८ नोव्हेंबर १९७२ रोजी मेघालयातील तुरा येथे त्यांचा जन्म झाला. आई गायिका होती आणि वडील सरकारी नोकरी सांभाळून टोपणनावाने कविता व गीते लिहीत. मुलाचे नाव त्यांनी मुंबईत जन्मलेले प्रख्यात वाद्यवृंद-संचालक झुबिन मेहता यांच्यावरून ठेवले होते. 'अनामिका' हा त्यांचा पहिला आसामी अल्बम १९९२ साली आला. पुढे त्यांनी चाळीसच्या आसपास भाषा आणि बोलींत गाणी गायली, चित्रपटांना संगीत दिले, चित्रपट काढले, त्यांत कामेही केली. सिंगापूरमध्ये समुद्रात उतरले असताना, वयाच्या ५२व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. त्या मृत्यूच्या तपासाचा विषय वेगळा आहे. येथे तो घेतलेला नाही.

आसाम सरकारने तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला. २१ सप्टेंबरला पार्थिव गुवाहाटीत आले, तेव्हा विमानतळापासून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसांची भिंत उभी होती. २३ तारखेला गुवाहाटीजवळील कमारकुची येथे शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले आणि धाकट्या बहिणीने अग्नी दिला. आपल्या मृत्यूनंतर सगळ्या आसामने 'मायाबिनी रातिर बुकुत' हे गाणे गावे, अशी इच्छा त्यांनी हयातीतच जाहीरपणे बोलून दाखवली होती. 'मायावी रात्रीच्या उरात' असा त्या शब्दांचा अर्थ. लोकांनी ते गाणे रस्त्यावर, पुलांवर, चितेपाशी गायले.

वाशीत आसाम भवन आहे, तसेच ईशान्येकडील इतर अनेक राज्यांची भवनेही आहेत. परळच्या टाटा रुग्णालयात किंवा खारघरच्या केंद्रात कर्करोगाच्या उपचारांसाठी येणारी त्या भागातील कुटुंबे तेथे उतरतात. शिवाय हॉटेलांत, सलूनमध्ये आणि फाटकांवर काम करणारी आसामी मुले-मुली नवी मुंबईच्या प्रत्येक विभागात आहेत. त्या आठवड्यात आपल्या आजूबाजूला शेकडो माणसे शोकात होती आणि आपल्यापैकी फार थोड्यांना त्याचा पत्ता होता.

सूतक म्हणजे शोकाचा नकाशा

शोक ही मनाची अवस्था आहे, पण तो पाळण्याची रीत समाज ठरवतो. आपल्याकडे हे काम सूतक करते. रक्ताच्या जवळच्या माणसासाठी दहा दिवस, थोड्या लांबच्यासाठी तीन, त्याहून लांब असेल तर एक दिवस, किंवा नुसती अंघोळ. सूतकाकडे केवळ कर्मकांड म्हणून पाहिले, तर त्याचा एक मोठा उपयोग नजरेआड होतो. सूतक असलेल्या माणसाकडून कोणी कामाची, हसण्याची, सणाची अपेक्षा ठेवत नाही. शेजारी पिठलं-भात आणून देतात. तो गप्प बसला तर का गप्प बसलास, असे कोणी विचारत नाही. दुःखाला घरात आणि वेळापत्रकात जागा मिळते.

पण हा नकाशा नात्यांनी आखलेला आहे. नकाशावर ज्याचे घर नाही त्याच्यासाठी सूतकही नाही. म्हणून तर ज्या गोष्टीशी आपला काहीच संबंध नाही, तिच्याबद्दल आपण 'मला त्याचे सोयरसुतक नाही' असे म्हणतो. भाषेनेच जन्म आणि मृत्यू ही संबंधाची मोजपट्टी ठरवून टाकली आहे.

अमेरिकी अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ साली या पेचाला एक नाव दिले. जे दुःख खरे असते, पण उघडपणे बोलून दाखवता येत नाही, पाळता येत नाही आणि ज्याला समाजाचा आधार मिळत नाही, त्याला त्यांनी शोकाचा हक्क नाकारलेले दुःख म्हटले. मराठीत आपण त्याला सूतक नसलेले दुःख म्हणू. घटस्फोटित जोडीदाराचा मृत्यू, दिवस राहून गेलेले मूल, चौदा वर्षे सांभाळलेला कुत्रा, ही सगळी याच वर्गातली दुःखे आहेत. दूरच्या गायकाचा मृत्यूही त्यातलाच. अशा दुःखाचा भार दुहेरी असतो, कारण माणूस गेलेल्यासाठी रडतो आणि त्याच वेळी आपण रडतो आहोत याची त्याला लाज वाटते. 'कोई नहीं' या दोन शब्दांत मी तीच लाज ऐकली होती, आणि ती माझ्या प्रश्नाने आणली होती.

न भेटलेल्या माणसाशी नाते जडते कसे?

डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन संशोधकांनी १९५६ साली रेडिओ-दूरचित्रवाणीच्या श्रोत्यांचा विचार करताना एक गोष्ट मांडली. रोज कानावर पडणारा निवेदक किंवा कलाकार यांच्याशी श्रोत्याचे एक नाते तयार होते, ज्यात श्रोता त्यांना चांगला ओळखतो आणि त्यांना मात्र श्रोत्याची खबरही नसते. याला इंग्रजी अभ्यासात पॅरासोशल नाते म्हणतात. आपण एकतर्फी नाते म्हणू.

एकतर्फी म्हणजे खोटे, असा आपला समज असतो. नवी मुंबईच्या घरांत मोरबे धरणाचे पाणी येते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते धरण पाहिलेले नाही आणि धरणाला तर आपण कोण हे माहीत असण्याचा प्रश्नच नाही. तरी आपला स्वयंपाक, अंघोळ, देवघरातला तांब्या त्याच पाण्यावर चालतो. उद्या ते आटले, तर लागणारी तहान एकतर्फी आहे म्हणून कमी लागणार नाही. नाते कोणत्या दिशेने वाहते आणि ते आयुष्यात किती मुरले आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

गाणे किती मुरते, हे बरेचसे ते कोणत्या वयात ऐकले यावर अवलंबून असते. म्हाताऱ्या माणसांना आयुष्यातील आठवणी सांगायला लावल्या, तर साधारण दहा ते तिशीच्या दरम्यानच्या आठवणींची गर्दी सर्वांत जास्त असते, हे स्मरणशक्तीच्या अभ्यासात पुन्हा पुन्हा आढळले आहे. त्या वर्षांत सगळे पहिल्यांदा घडत असते: पहिले प्रेम, पहिली नोकरी, घराबाहेरची पहिली रात्र. आमच्या फाटकाजवळच्या सिमेंटच्या पट्टीत एका कुत्र्याच्या चार पायांचे ठसे आहेत. पट्टी ओली असताना तो एकदाच तिच्यावरून गेला असेल; त्यानंतर हजारो पावले तिच्यावर पडली आणि त्यांतले एकही उरले नाही. सोळाव्या वर्षी ऐकलेले गाणे त्या चार पायांसारखे असते. गायक जातो, तेव्हा त्या पट्टीलाच तडा गेल्यासारखे वाटते, कारण त्या गाण्यात आपले वय, आपले गाव आणि तेव्हा जिवंत असलेली आपली माणसे राहत असतात.

सीमा मोडणारा गेला की अधिक काय तुटते?

हे सर्व कोणत्याही लोकप्रिय गायकाला लागू पडेल. आसामचे दुःख त्याहून मोठे होते आणि त्याचे कारण इतिहासात आहे.

१९७९ ते १९८५ या काळात बेकायदा स्थलांतराविरोधातले आसाम आंदोलन झाले. १९७९ मध्येच उल्फा ही सशस्त्र संघटना स्थापन झाली. १९९० आणि १९९१ साली तेथे लागोपाठ दोन लष्करी मोहिमा झाल्या. संध्याकाळ झाली की दारे लावून घेणाऱ्या गावांत वाढलेल्या मुलांच्या हाती १९९२ साली एका विशीतल्या तरुणाची कॅसेट पडली. त्यात त्यांच्याच भाषेत, पण नव्या वाद्यमेळात, प्रेमाची आणि एकटेपणाची गाणी होती. बंदूक आणि आंदोलन यांच्याशिवायही तरुण असता येते, ही मुभा त्या आवाजाने दिली. मला हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सीमा मोडणारा कलाकार गाणी देतो, त्याबरोबर तो मुभा देतो.

जुबीन यांनी अशा अनेक मुभा दिल्या. आपल्याला जात नाही, धर्म नाही, देव नाही, असे ते भर मंचावरून सांगत. ब्राह्मण घरात जन्मलेल्या माणसाने ते सांगण्याला आसामातही वजन होते. बोडो, मिसिंग, कार्बी, तिवा अशा भाषांत ते गायले, म्हणजे एकमेकांकडे संशयाने पाहणाऱ्या समाजांच्या अंगणात एकच आवाज पोहोचला. बिहू या आसामी सणाच्या मंचावर हिंदी गाणी गाऊ नयेत, असा दबाव आला तेव्हा तो त्यांनी जुमानला नाही, आणि २०१९ साली नागरिकत्व कायद्यातील दुरुस्तीविरोधात ते रस्त्यावरही उतरले. आसामी अस्मितेच्या बाजूने उभे राहायचे आणि त्याच अस्मितेच्या नावाने कोणी गाण्यावर बंदी घातली तर ती नाकारायची, या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने केल्या. ज्याच्याकडे पाहून आपण जरा मोकळे झालो, तो गेला की तो मोकळेपणा आता कोणाच्या भरवशावर टिकवायचा, ही भीती शोकात मिसळते.

महाराष्ट्राला हे परके वाटू नये. ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अंत्ययात्रेत लाखो माणसे मुंबईच्या रस्त्यांवर चालली, त्यांतल्या बहुतेकांनी त्यांना जवळून कधी पाहिले नव्हते. तरी आज तिसरी-चौथी पिढी त्यांना बाप म्हणते आणि दर ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येते. एका नेत्याची आणि एका गायकाची तुलना मी करत नाही. कोण लागत होते, या प्रश्नाला रक्ताबाहेरचे उत्तर देण्याची सवय आपल्याला जुनी आहे, एवढेच दाखवतो आहे. ज्ञानेश्वर महाराजांना वारकरी माउली म्हणतात, तेव्हा त्यांची वंशावळ कोणी तपासत नाही. आपण लतादीदी म्हणतो. आसामी माणूस जुबीनदा, म्हणजे जुबीनदादा, म्हणतो. त्या 'दा'मध्ये त्या रकान्याचे उत्तर होते, पण ते तेथे लिहायचे असते हे अर्ज छापणाऱ्याला सुचले नव्हते.

"पण गाणी तर आहेतच ना?"

हा आक्षेप सर्वांत आधी घेतला जातो आणि तो समजूत घालण्यासाठीच घेतला जातो. कलाकार गेला तरी कला राहते, हे खरेच आहे.

माझी आई गेली, तेव्हा फडताळात तिच्या हातच्या कैरीच्या लोणच्याची अर्धी बरणी होती. चव तीच होती. पण आदल्या वर्षीपर्यंत बरणी तळाला गेली की आम्ही चमच्याने खार निपटून घ्यायचो, कारण मे महिन्यात नवी भरली जाणार हे ठरलेले होते. त्या वर्षी आम्ही फोडी मोजू लागलो. शेवटची फोड कोणी खाल्ली नाही. ती काळी पडेपर्यंत तशीच राहिली. लोणचे होते, पण पुढच्या मे महिन्याचे लोणचे नव्हते, आणि त्यामुळे हातात असलेल्या फोडीचा अर्थच बदलला होता.

जिवंत कलाकाराचे जुने गाणे ऐकताना आपल्याला नकळत पुढच्याची अपेक्षा असते. जुबीन यांचा 'रोई रोई बिनाले' हा चित्रपट त्यांच्या मृत्यूनंतर, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी प्रदर्शित झाला. आसामात त्याचे खेळ भल्या पहाटेपासून लावावे लागले. लोक चित्रपट पाहायला गेले आणि रडत बाहेर आले, कारण ती शेवटच्या फोडींपैकी एक होती.

"हा गर्दीचा देखावा नाही का?"

गर्दीत काही जण बघे असतात, काही कॅमेऱ्यासाठी रडतात, यात शंका नाही. पण एकत्र रडल्याने दुःख खोटे ठरत नाही. एमिल दुर्खीम या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९१२ सालच्या ग्रंथात दाखवले होते की माणसे एका कारणासाठी एकत्र येतात, तेव्हा प्रत्येकाची भावना दुसऱ्यामुळे वाढते आणि त्यातून 'आपण' ही जाणीव तयार होते. आपल्या गावांत मयताच्या घरी येणाऱ्या बायका दारातच हेल काढून रडत, तेव्हा त्या नाटक करत नसत. घरातल्या गोठून गेलेल्या बाईला रडता यावे, म्हणून त्या वाट करून देत.

६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर गेल्या. देशाने दोन दिवसांचा राष्ट्रीय दुखवटा पाळला आणि शिवाजी पार्कवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार झाले. त्या दिवशी आमच्या इमारतीत पाच-सहा घरांतून एकाच वेळी त्यांची गाणी ऐकू येत होती आणि कोणी कोणाला 'तुमच्या कोण लागत होत्या' असे विचारले नाही. आपले दुःख बहुसंख्य असते, तेव्हा त्याला सूतक आपोआप मिळते. नलबाडीपासून इतक्या दूर, फाटकावर एकट्याने शोक करणाऱ्याला ते मिळत नाही.

"माणूस म्हणून तो काही आदर्श नव्हता"

जुबीन यांचे मंचावरचे वागणे आणि बोलणे अनेकदा वादात सापडले, आणि त्यांच्या चाहत्यांना ते सर्वांत जास्त ठाऊक होते. आपण घरातल्या काकांसाठी रडतो, तेव्हा त्यांचा संताप विसरलेलो नसतो. कलाकाराकडून कोणाचे नुकसान झाले असेल, तर ते शोकातही बोलले गेले पाहिजे. मात्र दोष असणे आणि शोकाला पात्र नसणे यांत अंतर आहे.

"घरच्या माणसासाठी तरी एवढे रडतात का?"

पुष्कळदा रडत नाहीत, हे खरे आहे. घरात मृत्यू झाला की डॉक्टरांचे कागद, स्मशानाची वेळ, गावाकडचे फोन, दहाव्याची तयारी यांत माणूस इतका गुंततो की रडणे राहून जाते. राहिलेले रडणे कोठेतरी साठते. मग एका परक्या आवाजाच्या जाण्याने बांध फुटतो आणि त्या पाण्यात कोणाकोणाचे पाणी असते, हे रडणाऱ्यालाही सांगता येत नाही.

आपल्या परंपरेला हे ठाऊक असावे. जुबीन गेले तेव्हा पितृपक्ष चालू होता, आणि त्यांचे पार्थिव गुवाहाटीत आले तो रविवार सर्वपित्री अमावस्येचा होता. तर्पण करताना आईवडिलांच्या कुळांतली नावे घेऊन झाली की गुरू, मित्र, आप्त यांनाही पाणी दिले जाते. आणि शेवटी एक ओंजळ अशांसाठी असते, जे आपले बांधव नाहीत, किंवा दुसऱ्या कुठल्या जन्मी असतील. माझे वडील दर वर्षी ती ओंजळ सोडत. ती कोणासाठी आहे, हे मी त्यांना कधी विचारले नाही.

मग शेजाऱ्याने काय करावे?

फार काही करावे लागत नाही. नोकरी देणाऱ्याला प्रत्येक चाहत्याला रजा देता येणार नाही, हे मान्य आहे. पण पाळी बदलून देणे, अंत्यसंस्काराचे थेट प्रक्षेपण पाहायला अर्धा तास देणे शक्य असते. सोबत काम करणाऱ्याने थट्टा टाळावी. आणि प्रश्न विचारायचाच असेल, तर नात्याचा विचारू नये, गाण्याचा विचारावा.

२३ सप्टेंबरला, अंत्यसंस्काराच्या दिवशी, नवरात्राचा दुसरा दिवस होता. आमच्या आवारात दांडियाचा मंडप होता आणि ध्वनिक्षेपकाची चाचणी चालली होती. सुरक्षारक्षकाने केबिनमधल्या खुर्चीवर लाल काठाचा पांढरा गामोसा, म्हणजे आसामी उपरणे, अंथरला होता, त्यावर मोबाइल उभा करून ठेवला होता आणि समोर एक पणती लावली होती. मी या वेळी विचारले की त्याचे आवडते गाणे कोणते. त्याने नाव सांगितले नाही, लावूनच दाखवले. ते संपल्यावर सांगितले की त्याच्या मोठ्या भावाने बाजारातून ती कॅसेट आणली होती, घरात वीज नसायची म्हणून टेपला सेल घालावे लागत, आणि सेल उतरू लागले की आवाज जाड आणि संथ व्हायचा. "हमको लगता था जुबीनदा ऐसे ही गाते हैं," तो म्हणाला. मग त्याने ते गाणे पुन्हा लावले, आणि फाटकाशी थांबलेल्या गाडीचा नंबर नोंदवहीत लिहिता लिहिता, सेल उतरलेल्या टेपसारखे, हळू आणि जाड आवाजात गुणगुणू लागला.